खांबांना कमी गुण

त्रिशला मगदूम कुठलाही प्रस्ताव सलग वाचत नाही. तीन प्रस्ताव आले असतील, तर तिन्हींमधलं पाण्याच्या निचऱ्याचं प्रकरण ती आधी वाचते आणि त्याचे गुण देते. मग तिन्हींमधलं माती-तपासणीचं प्रकरण घेते, मग पुलांचं. एकच प्रस्ताव पहिल्या पानापासून वाचत गेलं की तो गोष्टीसारखा आवडायला लागतो, असं तिचं म्हणणं आहे, आणि आवडण्यासाठी गुणपत्रकात रकाना नाही. प्रत्येक गुणासमोर ती एक वाक्य लिहिते. पाचपैकी तीनच का, ते त्या वाक्यात यावं लागतं. वाक्य सुचलं नाही तर गुण खोडते आणि पुन्हा वाचायला घेते.

कोल्हापुरात रस्ते विभागात ती उपअभियंता आहे. सूर्य मावळायच्या आत जेवते, त्यामुळे बैठक लांबली की मध्येच उठते, व्हरांड्याच्या टोकाला बसून डबा खाते आणि परत येते. नवीन माणूस हळूच विचारतो, "मॅडम रागावल्या का?" जुने सांगतात, "न्हाय, जेवायला गेल्यात." दिवाळीत ठेकेदारांकडून येणारे मिठाईचे खोके तिच्या टेबलापर्यंत पोचत नाहीत. ती कुणाला त्याबद्दल बोलत नाही, आणि न बोलण्यामुळेच ते जास्त ठळक दिसतं, असं तिच्याबरोबर काम केलेले लोक म्हणतात.

तिचं माहेर कुरणवाडी, शिरोळकडच्या पुराच्या रानातलं गाव. तिथे पूर दोनदा येतो. आधी वरून, नदीच्या वाटेनं. मग पुढे कृष्णा तुंबली की तेच पाणी खालून मागे फिरतं, शांतपणे, आवाज न करता, उसाच्या सऱ्यांमधून वर चढत. २०१९ साली ते तिच्या वडिलांच्या घराच्या चौकटीला टेकलं होतं. वडील जिनपाल मगदूम, सगळ्या गावाचे अप्पा. त्या आठवड्यात थोरल्या बहिणीनं, आक्कानं, त्यांना जयसिंगपूरला आपल्या घरी नेलं. त्रिशला तेव्हा वाहून गेलेल्या दुसऱ्याच एका रस्त्यावर ड्यूटीला होती.

त्या रानातून महामार्गाचा नवा तुकडा जायचा ठरला, तेव्हा प्रस्ताव तपासायच्या समितीत तिचं नाव आलं. काम डिझाइन-बिल्ड पद्धतीचं होतं. म्हणजे विभागानं नकाशे काढून द्यायचे नाहीत, काय हवं आहे तेवढं सांगायचं. आराखडा ठेकेदारानंच करायचा आणि बांधायचंही त्यानंच. अशा वेळी नुसता सगळ्यांत कमी दर बघून चालत नाही, कारण तिघांनी मांडलेले रस्ते या तीन वेगळ्या वस्तू असतात. म्हणून आराखड्याला सत्तर टक्के वजन होतं, किमतीला तीस. आराखड्याचे गुण आधी बंद करायचे आणि त्यानंतरच किंमत बघायची, कारण किंमत कळल्यावर तेच पान वेगळं दिसायला लागतं. आता हे सगळं संगणकावर चालतं, पाकीट असं काही उरलेलं नाही, तरी विभागात अजून "पाकीट फुटलं का?" असंच विचारतात.

पहिल्याच बैठकीत तिनं लिहून दिलं की माझं माहेर या रस्त्याच्या वरच्या अंगाला आहे. रस्ता पाणी अडवणारा झाला तर ते पाणी आमच्या घरात जास्त दिवस राहील. समितीचे अध्यक्ष कार्यकारी अभियंता राजवर्धन सरनोबत. त्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"मॅडम, ह्या कामाला पुरात घर न्हाय असा माणूस हुडकायचा म्हटला तर नागपूरहून आणावा लागंल. आणि त्याला पूर म्हंजे काय हे तुम्हीच समजावून सांगणार."

त्यांनी ते निवेदन वर पाठवलं. हरकत नाही, असं उत्तर आलं. ती समितीत राहिली.

तीन प्रस्ताव आले. कार्यालयात त्यांना लगेच नावं पडली. पहिले भराववाले, त्यांनी रस्ता मातीच्या उंच भरावावर नेला होता आणि खालून थोड्या मोऱ्या ठेवल्या होत्या. दुसरे खांबवाले, त्यांचा सगळा रस्ता खांबांवर, पाण्याला पूर्ण मोकळं रान. तिसरे गाळेवाले, त्यांचा भराव ठेंगणा होता आणि जिथे जिथे ओढे आहेत, जिथून पाणी येतं नि मागे फिरतं, तिथे लांब गाळ्यांचे, म्हणजे दोन आधारांमध्ये रुंद मोकळी वाट असलेले पूल.

जागेची पाहणी ठरली. समितीची जीप कुरणवाडीच्या शिवेवर थांबली तेव्हा बांधावर माणसं आधीच उभी होती. खांबवाल्यांचे लोक महिन्यापूर्वी ड्रोन घेऊन येऊन गेले होते, त्यामुळे खांबांची गोष्ट गावात पोचली होती. त्रिशला उतरली. अप्पा पुढे आले.

"म्याडम," ते म्हणाले, आणि मागची माणसं हसली. "आमी ऊस लावायचा का रस्त्याला जागा ठेवायची?"

"आत्ता काही सांगता येणार नाही."

"घरच्यास्नी बी न्हाय?" हे विश्वजितनं विचारलं, गावातल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष.

"आज मी घरची नाही."

"च्या तरी घरचा घेशील का सरकारी आणलायस?"

"अप्पा, नको."

अप्पांनी मान हलवली, साहेबांकडे वळले. "सायेब, तुम्ही तरी चला."

राजवर्धन साहेबांनी एकदा तिच्याकडे बघितलं. "मला शुगर हाय," ते म्हणाले. जीपमध्ये बसल्यावर मात्र त्यांनी खिशातून लिमलेटची गोळी काढून तोंडात टाकली.

पुढचे काही दिवस ती गुण देत होती. खिडकीबाहेर पर्जन्यवृक्षाची पानं मिटायची, उघडायची. खांबवाल्यांच्या प्रस्तावातली चित्रं सुरेख होती. संध्याकाळच्या उजेडात उंच गेलेला रस्ता, खाली हिरवा ऊस. ते चित्र बघताना तिला घराची चौकट आठवली. तिनं पान उलटलं आणि मातीचं प्रकरण काढलं. एवढ्या लांब रस्त्यासाठी त्यांनी दोनच ठिकाणी जमिनीत भोकं पाडून बघितलं होतं. कठीण थर किती खोल आहे, हे बाकी सगळीकडे अंदाजानं धरलं होतं. तिकडच्या काळ्या मातीत तो अंदाज चुकला की पाया वाढतो, काम थांबतं, आणि अर्धे खांब वर्षानुवर्षं रानात उभे राहतात. खांबांखालून वाहतूक त्यांनी बंद ठेवली होती, त्यामुळे उसाच्या ट्रॅक्टरला रस्ता ओलांडायला फार लांबचा वळसा पडणार होता. गाळेवाल्यांनी भोकंही पुरेशी पाडली होती आणि पाणी दोन्ही बाजूंनी येतं हे धरून हिशेब केला होता. भराववाल्यांनी एकाच बाजूचा केला होता.

तिनं गाळ्यांना सगळ्यांत जास्त गुण दिले. त्याखालोखाल खांबांना. भरावाला कमी. प्रत्येकासमोर वाक्य लिहिलं आणि आपला रकाना बंद केला. बाकीच्या दोन सदस्यांचे रकाने तिला दिसत नव्हते, तिचा त्यांना दिसत नव्हता.

त्यानंतरच्या सोमवारी राजवर्धन साहेबांनी तिला बोलावलं आणि मोबाइल पुढे केला.

"फोटो झकास आलाय. तुमचा म्हणतोय मी. पुलाचा न्हाय."

कुरणवाडीच्या कमानीवर फ्लेक्स लागला होता. 'कुरणवाडीची सुकन्या मा. त्रिशलाताई यांनी महामार्गावर खांबांचा पूल मंजूर केल्याबद्दल समस्त ग्रामस्थांतर्फे हार्दिक अभिनंदन!' तिचा फोटो आक्काच्या मुलीच्या लग्नातला होता, डोक्यावर अजून अक्षता. खाली मंडळाच्या मुलांचे चेहरे ओळीनं, काहींनी काळे चष्मे घातलेले. मध्यभागी पूल. तो कुठल्या तरी थंड देशातला असावा, त्याच्या मागे बर्फाचे डोंगर होते.

ती व्हरांड्यात गेली आणि फोन लावला.

"अप्पा, ते खाली उतरवा."

"कशापायी? पोरांनी वर्गणी काढून लावलाय. मी बी दिलीया."

"मी काही मंजूर केलेलं नाही."

"करशील की."

"अप्पा."

"बरं, बरं. सांगतो विश्वजितला. पर आता माणसं रागवत्यात गं. एवढ्या पिरमानं लावलाय."

फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरला. पण त्याचा फोटो तोवर भराववाल्यांच्या वकिलाकडे पोचला होता. हरकत आली. समितीच्या सदस्याचं गाव खांबवाल्यांच्या बाजूनं आहे, निकाल आधीच ठरलेला आहे, आम्ही कोर्टात जाऊ.

राजवर्धन साहेबांनी दार लोटून घेतलं.

"तुम्ही खांबाला किती दिल्यात ते मी विचारणार न्हाय. एवढंच सांगा, ते गुण दाखवले तर हा आरोप टिकंल का पडंल?"

"पडेल."

साहेब खुर्चीत मागे रेलले. त्यांना जे कळायचं ते कळलं. "मग दाखवूया की. तुमचं नाव तरी स्वच्छ हुईल."

"पाकीट फुटायच्या आधी एका सदस्याचे गुण बाहेर आले, तर सगळीच निविदा रद्द करावी लागेल. परत पहिल्यापासून. आणखी दोन पावसाळे."

"आणि तुम्ही तशाच राहिलात तर कोर्टातनं स्टे."

"हो."

"म्हंजे गप्प बसायचं आणि बाहेर पडायचं. मॅडम, लोक म्हणणार, चोरी सापडली म्हणून पळाली."

"म्हणतील."

"तुमच्या जागी येणारा माणूस भरावाला डोक्यावर घेईल, तर?"

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. खाली आवारात कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"तर तो त्याचा निर्णय," ती म्हणाली.

तिनं चार ओळींचं पत्र दिलं. कारणात 'औचित्य' एवढाच शब्द होता. संगणकावर तिचा रकाना राखाडी झाला. तिचे गुण रद्द झाले, वाक्यांसकट. साताऱ्याहून दुसरे अधिकारी आले, त्यांनी आपले गुण दिले. तिला कागलच्या एमआयडीसीकडच्या रस्त्यांची दुरुस्ती दिली गेली. ती रोज हेल्मेट घालून तिथे जायची, डांबराचं तापमान बघायची. कॅन्टीनमध्ये दोघंतिघं जण ती आली की विषय बदलायचे. तिला ते दिसायचं. ती डबा उघडून जेवायची.

पाकीट फुटलं त्या दिवशी ती कार्यालयातच होती, पण वरच्या दालनात गेली नाही. दुपारी राजवर्धन साहेब स्वतः तिच्या टेबलाशी आले.

"गाळेवाले. भराववाल्यांची किंमत लई खाली हुती, पण आराखड्यात मार खाल्ला. खांबवाले किमतीत गेले."

तिनं मान हलवली. हातातलं कागलचं बिल तपासून पूर्ण केलं आणि मग पाणी प्यायली.

चार दिवसांनी आक्काचा फोन आला.

"अगं, गावात काय चाललंय ठाव हाय का तुला? सोमवारी रास्ता रोको हाय. तुझ्या नावानं घोषणा लिवल्यात."

"माझ्या?"

"तुला बाजूला काढून खांब घालवले म्हणं. अप्पांस्नी पुढं बसवणार हायत, काळी फीत बांधून. काम सुरूच होऊ देत न्हाईत म्हणत्यात."

त्रिशला फोन हातात धरून बसली. गाव तिच्यावर रागावलं असतं तर तिला सवय होती. गावानं तिला आपली मानलं होतं आणि तिच्यासाठी भांडायला निघालं होतं. गप्प राहिलं की ते प्रेम तसंच राहणार होतं. फक्त रस्ता अडणार होता, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत एकही गाळा उभा राहणार नव्हता. निकाल आता जाहीर झाला होता, कुणालाही सगळ्यांचे गुण मागवता येत होते. तिचे तेवढे कुणी मागणार नव्हतं, कारण ते नव्हतेच.

रविवारी सकाळी ती कुरणवाडीला गेली. अप्पा सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा निवडत होते.

"आलीस? बरं झालं. उद्या तू बी बस आमच्यात. सुट्टी टाक."

"अप्पा, मी असते तरी खांब झाले नसते."

"म्हंजे?"

"मी खांबांना कमी गुण दिले होते. गाळ्यांना जास्त."

त्यांचा हात शेंगांवर थांबला. "आपल्या खांबास्नी?"

"ते आपले नव्हते."

"मग कुणाचे हुते? आमी रात्रंदिस त्यांचीच वाट बघतोय." त्यांचा आवाज चढला. "तुला ठाव न्हाय व्हय, पाणी कुठवर आलतं? तू आलीच न्हाईस तवा. आक्का आली."

"माहीत आहे."

"आणि तरी?"

"जमीन न बघता आराखडा केला होता त्यांनी. दोन भोकं पाडून सगळ्या रस्त्याचा पाया ठरवला होता. खांब अर्धे उभे राहिले असते आणि काम थांबलं असतं. तुमच्या ट्रॅक्टरला पलीकडच्या रानात जायला अर्धा तास लागला असता."

"चित्र तर चांगलं हुतं."

"चित्राला गुण नव्हते."

अप्पांनी पुढ्यातल्या शेंगा चाळवल्या. एक शेंग फोडली, दाणे तळहातावर घेतले आणि खाल्ले नाहीत.

"ह्या गाळ्यातनं पाणी जाईल?"

"पूर येणारच नाही असं मी म्हणत नाही. आला तर जास्त दिवस थांबणार नाही."

"लिहून देशील?"

"लिहूनच दिलं होतं. औचित्य म्हणून मीच बाजूला झाले, तेव्हा ते रद्द झालं."

ते उठले. खुंटीवरची टोपी घेतली.

"कुठे निघालात?"

"बस्तीपुढं. सगळी तिथंच बसल्यात."

"मी सांगते त्यांना."

"तू काय सांगनार? तुझं ते औचित्य कुणाला कळतंय हितं." त्यांनी चपला घातल्या. "तू नुसती उभी ऱ्हा."

बस्तीसमोरच्या, म्हणजे जैन मंदिरासमोरच्या पारावर उद्याच्या फिती कापणं चालू होतं. तिला बघून विश्वजित उठला, बसायला जागा करून दिली. अप्पा बसले नाहीत.

"ऐका रे. आमच्या पोरीला कुणी हलवलं न्हाय. तीच बाजूला झाली. आणि तिनं खांबाला मार्क कमी दिलतं. गाळ्याला जादा."

कात्री चालायची थांबली.

"आमी फ्लेक्स लावला की तिचा!" विश्वजित म्हणाला.

"लावलास. माझ्याकडनं बी पैसं नेलंस. बर्फातला पूल लावलास." कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"ताई, खरं हाय हे?"

"खरं आहे."

"मग आमच्यातली असून तुझा उपयोग काय झाला आमाला?"

उत्तर म्हणून देण्यासारखं तिच्याजवळ एक वाक्य होतं, पण ते गुणपत्रकात लिहायचं वाक्य होतं. इथे ते कोरडं वाटलं असतं.

ओढ्याच्या कडेला राहणारी चिमणाबाई पाराच्या टोकाला बसली होती. तिचं घर पुरात सगळ्यांत आधी जातं. तिनं विचारलं, "आमच्या वड्यावर केवढी वाट ठेवल्यात?"

"ह्या बस्तीच्या भिंतीपासून त्या दूध संस्थेच्या दारापर्यंत एक गाळा. तसले सलग सात."

चिमणाबाई उठली. भिंतीला हात लावला आणि दूध संस्थेच्या दाराकडे चालत गेली, गुडघ्यांवर हात ठेवत, सावकाश. तिथे वळून तिनं मागे बघितलं. पारावरचे सगळे त्या मोकळ्या जागेकडे बघत होते, जणू ती आजवर कधी पाहिलीच नव्हती.

"सात?" तिनं तिथूनच ओरडून विचारलं.

"सात."

"मग बसा की गप," चिमणाबाई म्हणाली, ते कुणाला, हे कळलं नाही.

सोमवारी रस्ता अडला नाही. त्या वर्षी बस्तीच्या पंचांत अप्पांना मात्र कुणी घेतलं नाही. ते त्यांनी त्रिशलाला सांगितलं नाही, आक्कानं सांगितलं. विश्वजित तिला भेटला तर अजून ताईच म्हणतो, पण थांबत नाही.

पावसाळ्यानंतर काम सुरू झालं. अप्पा सकाळी तिकडे जातात. ठेकेदाराच्या माणसांना ते आपण कुणाचे कोण हे सांगत नाहीत. ओढ्याच्या काठावर उन्हात उभे राहतात, आणि कुणी हटकलं तर म्हणतात, "चालू द्या, पावणं. मी आपला बघतोय."